चढ आमचा, परीक्षण लडाखचं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फोर-व्हील-ड्राइव्हचा (चारही चाकांना इंजिनचा जोर) विषय निघाला की गाड्यांवर लिहिणारे थेट लडाखला पोहोचतात. आम्ही मुरबाड तालुक्यात टोकावड्याकडचे शेतकरी. लावणीच्या दिवसांत घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत नुसता चिखलाचा चढ. खताच्या गोणी, शाळेची पोरं आणि गुडघे दुखणारी आई, सगळं त्यावरूनच न्यायचं.

गाडी बघायला गेलो तर विक्रेता सनरूफ उघडून दाखवतोय! लो-रेंजचं, म्हणजे हळू पण जास्त जोर देणाऱ्या गिअरचं, विचारलं तेव्हा गप्प. मारुतीची जिम्नी मनात भरली होती: हलकी, ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून तळाची उंची) २१० मिमी, लो-रेंज आहे. पण आसनं चार आणि आम्ही सहा जण. थार रॉक्समध्ये पाच. म्हणून सध्या कौल तीन रांगांच्या स्कॉर्पिओ-एनकडे. फोर-व्हील-ड्राइव्ह हवा तर तिच्यात डिझेलच घ्यावं लागतं. आईसाठी पायरी बसवावी लागेल, ते वेगळंच.

शेजारी म्हणतात, बोलेरो मागच्या चाकांच्या जोरावर निघते की. निघते, टायरची नक्षी शाबूत असेल तर. आणि उतारावर थांबायला फोर-व्हील-ड्राइव्हचा उपयोग नाही, तिथे टायर आणि ब्रेकच. शिवाय या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये चालवल्या की गिअरवर ताण येतो, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही.

आपल्या परीक्षकांनी जुलैत मुरबाड-शहापूरच्या एखाद्या पाड्यावर गाडी आणावी. तिसऱ्या रांगेत माणसं बसल्यावर मागे गोणी मावते का, तेवढं जरूर छापावं.

एक वाचक, ता. मुरबाड, जि. ठाणे