आईच्या खोलीत टीव्ही पोहोचवणाऱ्या भाऊंचे जाहीर आभार

आदरणीय भाऊ,

स. न. वि. वि.

ओसरीतल्या टीव्हीचे चित्र आणि आवाज आपण आमच्या आईच्या खाटेपर्यंत ज्या विचाराने पोहोचवलेत, त्याबद्दल मी आपले जाहीर आभार मानतो. खुब्याचे हाड मोडल्यापासून आईचे ओसरीत येणे बंद झाले आणि त्यासोबत सह्याद्रीवरच्या बातम्या, कीर्तन, घरच्यांबरोबर बसून एखादा कार्यक्रम पाहणे, हे सारेच सुटले. नवा टीव्ही, दुसरी डिश आणि दुसरा बॉक्स घ्यावा, असे अनेकांनी सुचवले. चित्र तारेशिवाय दुसऱ्या खोलीत पाठवणारे बिनतारी यंत्र घ्या, असा सल्लाही एका दुकानातून मिळाला होता.

आपण आलात तेव्हा आधी घर पाहिलेत. मधली भिंत हाताने ठोकून तिची जाडी विचारलीत आणि मातीची दोन फुटी भिंत आहे म्हटल्यावर बिनतारी यंत्राचा विचार तिथेच बाजूला ठेवलात. त्या यंत्राच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ओल धरलेल्या जाड भिंतीतून जाताना फार क्षीण होतात, घरातला वायफायही बहुधा त्याच लहरींवर चालतो आणि पावसाळ्यात चित्र अडखळू लागले तर आईला नुसता त्रास होईल, हे आपण आम्हाला नीट समजावून सांगितलेत. महागडी वस्तू विकण्याची संधी समोर असताना ती नको म्हणून सांगणारा माणूस आम्हाला भेटला, याचे मोल मला फार वाटते.

आमच्या फ्री डिशच्या बॉक्समधून एचडीएमआयने ओसरीतला टीव्ही चालतो, पण त्याच वेळी मागच्या पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या भोकांतूनही चित्र व आवाज बाहेर येत असतो, हे आपण दाखवलेत. माळ्यावर ठेवलेला जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आईच्या खोलीत एवढ्यावरच कामाला आला. तयार मिळणारी बारीक एव्ही (चित्र-आवाजाची) वायर पन्नास फुटांना नको, तिच्यात चित्र फिके पडते आणि गुणगुण शिरते, असे सांगून आपण कॅमेऱ्यासाठी वापरतात ती थ्री प्लस वन वायर आणलीत. तिच्यातल्या ७५ ओहमच्या कोॲक्सियल (मधे एक तार आणि तिच्याभोवती बारीक तारांची जाळी असलेल्या) तारेतून चित्र आणि सोबतच्या बारीक तारांतून आवाज. पिन जोडताना जाळीचा एकेक केस पिळून बाजूला घेतलात, कारण त्यातला एक जरी मधल्या तारेला टेकला तरी पडदा काळा होतो. मग डाग देऊन, ओढून पाहून, थोडी वायर वेटोळे करून मागे सैल सोडलीत. कवेलूंखालून उंदीर फिरतात म्हणून सारी वायर पीव्हीसी पाइपातून नेलीत आणि विजेच्या वायरीपासून वितभर दूर ठेवलीत. एका ठिकाणी दोन्ही वायरी एकमेकींना ओलांडतात, तिथे काटकोनात नेलीत, त्यामुळे विजेची ५० हर्ट्झची घरघर आवाजात आलेली नाही.

खरे आभार मला मानायचे आहेत ते आवाजाच्या कामाबद्दल. उशाशी ब्लूटूथ स्पीकर ठेवावा, असे आम्ही म्हणत होतो. आपण थोडा वेळ आईशी बोललात आणि तिला कमी ऐकू येते, ती समोरच्याचे ओठ पाहून शब्द जुळवते, हे ओळखलेत. ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून पाठवला जातो आणि पलीकडे पुन्हा उलगडला जातो. त्यात सेकंदाचा जो अंश जातो, तेवढ्याने ओठ आणि शब्द यांची फारकत होते. धडधाकट कानाला ते नुसते खटकते, पण ओठांवर विसंबणाऱ्या माणसाचा आधारच त्याने जातो. म्हणून आपण लहान स्पीकर तारेनेच जोडलात आणि त्याचे बटण तिच्या डाव्या हाताला येईल असे बसवलेत. आता आवाज किती हवा ते ती स्वतः ठरवते आणि ओसरीतला टीव्ही मोठ्याने लावावा लागत नाही. दोन्ही खोल्यांत एकाच बॉक्सचे चित्र असल्यामुळे बाहेर आम्ही हसतो तेव्हा आतून तिचेही हसणे ऐकू येते. दुसरी डिश आणि दुसरा बॉक्स घेतला असता, तर आई तिच्या खोलीत तिचे वेगळे काहीतरी पाहत बसली असती.

रिमोटचा प्रकाश भिंतीपलीकडे जात नाही, म्हणून रिमोटची खूण घेणारा आतल्या टीव्हीवर लावलेला डोळा आणि ती बॉक्सला देणारा, बॉक्ससमोर चिकटवलेला बारीक दिवा हेही उत्तम चालतात. मृगात गडगडाट सुरू झाला की डिशची वायर काढून ठेवण्याची आपली सूचना आम्ही पाळतो. कोणती तार कुठे गेली आहे, याचा आपण वहीच्या कागदावर काढून दिलेला नकाशा टीव्हीच्या मागे चिकटवून ठेवला आहे.

आठवडी बाजाराचा दिवस सोडून सवडीने एकदा यावे, अशी विनंती आहे. शेजारच्या काकांनाही आपल्या आजारी भावासाठी अशीच सोय करायची आहे. त्यांच्या भिंती विटांच्या आहेत, बॉक्सही वेगळा आहे, तेव्हा काय योग्य ठरेल ते आपण पाहूनच सांगावे. वायर आपण सांगाल तीच ते आणणार आहेत.

आपला नम्र,
एक शेतकरी
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ