दार उघडण्याआधी मागे बघा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली वाहतूक कोंडीची बातमी वाचली, सोबतच्या प्रतिक्रियाही वाचल्या. एकाने लिहिलंय, 'सायकलवाले मध्येच घुसतात, त्यांच्यामुळे खोळंबा होतो.' रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितोय.

मी सांगलीच्या गणपती पेठेत दिवाणजी आहे. एकोणतीस वर्षं विश्रामबागेतून पेठेत सायकलने येतो. गेल्या मंगळवारी सकाळी राम मंदिर चौकाच्या अलीकडे कडेला लागलेल्या मोटारींच्या रांगेलगत चाललो होतो, कारण मागे एसटी होती. एका मोटारीचं दार फाडकन उघडलं. हँडल दारावर आदळलं आणि मी डांबरावर. गुडघा सोलला, पुढच्या चाकाचा आठ झाला, डब्यातली आमटी रस्त्यावर. गृहस्थ उतरले, आधी दाराच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं आणि मग म्हणाले, "काका, बघून चालवता येत नाही का?" एसटीच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, म्हणून आज हे पत्र लिहितोय. त्यांचं नाव विचारायचं राहिलं. त्यांचे मनापासून आभार.

सायकलवाला मध्ये येतो कारण कडेची त्याची जागा उभ्या मोटारींनी घेतलीय. एका मोटारीच्या जागेत दहा सायकली मावतात. रस्ता रुंद करून हे सुटत नाही. आपला शंभर फुटी रस्ताच बघा, दोन्ही कडांना वाहनं लागल्यावर चालायला उरतो किती? सातारकरांना पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे चढताना धाप लागते. सांगली तळहातासारखी सपाट आहे. इथे सायकल चालवायला भीती वाटावी, याची मला फार खंत वाटते. माझी धाकटी दहावीला आहे, क्लासला याच रस्त्याने जाते.

महापालिकेला विनंती, एका बाजूचं पार्किंग उठवा आणि ती पट्टी सायकलींना द्या. पण नुसता रंगाचा पट्टा नको, मध्ये वीतभर उंच कठडा हवा. पुण्यात सातारा रस्त्यावर बीआरटीबरोबर, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गिकेबरोबर, सायकल ट्रॅक केले, त्यात पुढे दुचाकी आणि टपऱ्या शिरल्या. रस्त्यावरची जागा वाहनांचा नव्हे तर माणसांचा विचार करून वाटावी, हे केंद्राच्या २००६ च्या शहरी वाहतूक धोरणातच आहे.

मोटारवाल्यांनाही एक सांगणं आहे. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत २०२२ पासून सांगितलंय की मोटारीचं दार लांबच्या हाताने उघडावं. म्हणजे आपल्याकडे उजवीकडे बसलेल्या चालकाने डाव्या हाताने. अंग आपोआप वळतं आणि मागून येणारा दिसतो. याला ना निविदा लागते, ना निधी. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी पहिल्याच दिवशी हे शिकवावं.

जाता जाता आणखी एक. पेठेजवळच्या वाहनतळावर सायकल लावायला गेलं की "सायकल घेत नाही" म्हणून परत पाठवतात. मग ती विजेच्या खांबाला साखळीने बांधावी लागते, आणि दुकानदार तिथूनही काढायला लावतात. आमच्याकडूनही पैसे घ्या, पावती फाडा, पण जागा द्या.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली