मिलिसेकंदांवरून मुलांची हुशारी ठरवू नका

महोदय,

निरोगी मुलांच्या मेंदूतील विद्युत प्रतिसाद मोजून आकलनक्षमता तपासण्याविषयीचा लेख वाचला. मी ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींची नोंद) तंत्रज्ञ आहे. मुलांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावणे हे माझे रोजचे काम. लेख चांगला आहे, पण तो वाचून पालक धडधाकट मुलांचा 'पी३००' (वेगळा आवाज ओळखताना मेंदूत उमटणारा विद्युत प्रतिसाद) काढायला निघतील, अशी धास्ती वाटते.

तपासणीत हेडफोनमधून एकच स्वर वाजत राहतो, मधूनच वेगळा येतो. तो ओळखून मुलाने बटण दाबायचे. वेगळा स्वर वाजल्यापासून साधारण ३०० मिलिसेकंदांच्या पुढेमागे आलेखात उंचवटा उमटतो. १९६५ मध्ये सॅम्युएल सटन आणि सहकाऱ्यांनी तो दाखवून दिला. उंचवटा अवघा काही मायक्रोव्होल्टचा, म्हणून अनेक नोंदींची सरासरी काढावी लागते. खरी मेख इथेच आहे. डोळ्यांची एक उघडझाप त्याच्या कितीतरी पट मोठी लाट उठवते. दात आवळले, मान वळवली, की ती नोंद बाद. सहा-सात वर्षांचे पोर आधी हौसेने बटण दाबते, मग 'काकू, अजून किती?' सुरू होते आणि उंचवटा बसू लागतो. तो कंटाळ्याने बसला की आणखी कशाने, हे यंत्र सांगत नाही. रात्री झोप झाली नसेल, तर विचारूच नका.

एका वडिलांनी दोन भावंडांचे अहवाल शेजारी ठेवून मला विचारले, 'यातला हुशार कोणता?' धाकट्याचा प्रतिसाद उशिरा आला होता. येणारच! लहानपणी तो उशिराच येतो आणि पौगंडावस्थेपर्यंत हळूहळू अलीकडे सरकतो. आठ वर्षांच्या मुलाचा आकडा मोठ्यांच्या तक्त्याशी ताडला, तर ते विनाकारण 'मंद' ठरेल. तुलना करायचीच तर त्याच वयाच्या निरोगी मुलांशी, तीही त्याच पद्धतीने घेतलेल्या नोंदींशी. निरोगी मुलांवरील संशोधन हवे ते यासाठीच. त्याला माझा अजिबात विरोध नाही. मात्र एकाच वयाच्या, उत्तम शिकणाऱ्या मुलांमध्येही हे आकडे बरेच मागेपुढे असतात.

माझी सूचना एवढीच : मुलाचे वय, चुकलेले स्वर, बाद केलेल्या नोंदी आणि तुलनेचा गट, हे सारे अहवालात आकड्याशेजारीच छापावे. छापलेले नसेल, तर पालकांनी ते मागून घ्यावे.

– एक ईईजी तंत्रज्ञ
(नाव संपादकांकडे)