क्वांटिकोला जाण्याआधी

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर सांगायला घेतलं तर आई मधेच रडायला लागेल आणि बाबा "बघू, नंतर बोलू" म्हणून फोन तिच्याच हातात देतील, म्हणून लिहून टाकते. डीईएमध्ये, म्हणजे इथल्या, अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या अंमली पदार्थविरोधी खात्यात, स्पेशल एजंट म्हणून माझी निवड झाली आहे. पक्कं पत्र आलं. प्रशिक्षण व्हर्जिनियात, क्वांटिकोच्या मरीन कॉर्प्सच्या तळावर त्यांची अकादमी आहे तिथे, सुमारे चार महिने तिथेच राहून. फार्मसीतली नोकरी सोडते आहे.

मागच्या वर्षी तुमच्या जन्मतारखा आणि जन्मगावं मागितली तेव्हा बाबांनी "कर्जबिर्ज काढतेस की काय?" विचारलं होतं. ते सगळं ह्याच्यासाठी होतं. गेल्या दहा वर्षांत कुठे राहिले, कुठे काम केलं, परदेशात कुणाशी जवळचे संबंध आहेत, सगळं त्या फॉर्ममध्ये लिहावं लागतं. तुम्ही सांगलीत, मावशी मिरजेत, बाकीचा गोतावळा वेगळाच. माझी पानं भरतच गेली. मग एक माणूस न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आपल्या जुन्या शेजारणीकडे चौकशीला गेला. तिने त्याला कॉफी पाजून, मी शाळेत असताना तिच्या मांजराला कशी चोरून दूध घालायचे, तेसुद्धा सांगितलं म्हणे. शिवाय लाय डिटेक्टर, मानसिक चाचणी, वैद्यकीय तपासणी आणि शारीरिक परीक्षा. दीड मैल पळण्याचं काही वाटलं नाही, पुश-अप्सनी मात्र घाम काढला. सदतिसावा वाढदिवस व्हायच्या आत नेमणूक व्हावी लागते, त्यामुळे "अजून थोडा विचार कर" हे तुमचं नेहमीचं वाक्य ह्या वेळी चालण्यासारखं नव्हतं.

आता आई म्हणणार, पांढरा कोट घालून इज्जतीत उभी होतीस, त्यात काय वाईट होतं? वाईट काही नव्हतं. पण बाबा, तुम्ही उभी हयात औषधं बनवण्यात घालवलीत, म्हणून तुम्हाला हे पटकन कळेल. माझ्या पहिल्या नोकरीत अजून कागदी प्रिस्क्रिप्शन यायची. एकाच डॉक्टरची, वेगवेगळ्या आडनावांची माणसं, आणि प्रत्येकाला नशेसाठी एकत्र घेतलं जाणारं तेच त्रिकूट: ऑक्सीकोडोन 30 मिलिग्रॅम (अफूच्या जातीचं वेदनाशामक), अल्प्राझोलाम (चिंतेवरची गुंगीची गोळी), कॅरिसोप्रोडॉल (स्नायू सैल करणारं). गाडीची नंबरप्लेट दुसऱ्या राज्याची, पैसे रोख. असली चिठ्ठी खरीखुरी इलाजासाठी आहे का, हे पाहण्याची जबाबदारी कायद्याने डॉक्टरइतकीच फार्मासिस्टवरही टाकली आहे. मी गोळ्या दिल्या नाहीत. वरचे साहेब म्हणाले, गिऱ्हाईक तोडू नकोस.

काही महिन्यांनी डीईएची माणसं रेकॉर्ड तपासायला आली. त्यांत निवृत्तीला टेकलेली एक बाई होती. स्वेटर, चष्मा दोरीला अडकवलेला. मागच्या खोलीत प्लास्टिकचा क्रेट पालथा घालून ती बसली आणि प्रिस्क्रिप्शनचे गठ्ठे एकेक करून उलगडायला लागली. मला वाटलं, आकडे जुळवत असेल. तिने कागद उलटा केला, पाठीवरून बोट फिरवलं आणि मला म्हणाली, तूही हात लावून बघ. सही जोर देऊन केलेली, मागे उमटलेली. औषधाचं आणि रुग्णाचं नाव मात्र अलगद, दुसऱ्याच पेनाने. डॉक्टर कोऱ्या पॅडवर आधीच सह्या करून ठेवत होता आणि बाकीचं त्याच्या दवाखान्यातली काउंटरवरची बाई भरत होती. संध्याकाळपर्यंत असे कागद वेगळे काढून तिने पाकिटात घातले, सील केले, प्रत्येकावर तारीख आणि सही. तेव्हापासून हे डोक्यात होतं. अनुपला ठाऊक होतं, तुम्हाला सांगायचा धीर झाला नव्हता.

आता असे पैसे घेऊन गोळ्यांच्या चिठ्ठ्या देणारे दवाखाने बरेच कमी झाले, पण मागणी थोडीच गेली? ऑक्सीकोडोनच्या असतात तशाच निळ्या गोळ्या, त्यावर एका बाजूला तोच इंग्रजी एम आणि दुसऱ्या बाजूला 30, फक्त आत फेंटानिल, म्हणजे त्याहून कितीतरी जहाल कृत्रिम वेदनाशामक. मेक्सिकोतल्या टोळ्या त्या छापतात, कच्चा माल मुख्यतः चीनमधून जातो, आणि पुरवठा करणाऱ्यांत भारतातल्या कंपन्यांचीही नावं आली आहेत. दोन मिलिग्रॅम फेंटानिल जीव घ्यायला पुरतं. 2021 ते 2023 ह्या प्रत्येक वर्षी ह्या देशात एक लाखाहून जास्त माणसं अंमली पदार्थांच्या अतिसेवनाने गेली. 2024 मध्ये आकडा ऐंशी हजारांच्या आसपास उतरला तर लोकांना हायसं वाटलं, यावरूनच बघा. आमच्या एका गिऱ्हाइकाचा मुलगा परीक्षेच्या धामधुमीत मित्राकडून घेतलेल्या एका गोळीने दगावला. त्याची आई नंतर काउंटरवर आली आणि विचारत होती, तुम्ही देता तीच ना ही?

बाबा, तुम्ही म्हणाल, 1973 पासून हे खातं आहे, पन्नास वर्षांत काय दिवे लावले? प्रश्न रास्त आहे. 1986 च्या कायद्याने क्रॅकच्या, म्हणजे कोकेनच्याच ओढायच्या खड्यांच्या, पाच ग्रॅमला तीच शिक्षा ठेवली जी कोकेनच्या पुडीच्या पाचशे ग्रॅमला, आणि त्यात काळी पोरं वर्षानुवर्षं तुरुंगात सडली. 2010 मध्ये ते प्रमाण शंभरास एकवरून अठरास एकवर आणलं, म्हणजे अजूनही समान नाहीच. मी हे सगळं वाचून चाललेय. पण कुरकुंभच्या कारखान्यात मेफेड्रोन हे नशेचं रसायन सापडलं आणि धागे आपल्या कुपवाडपर्यंत आले तेव्हा तुम्हीच अस्वस्थ होऊन म्हणाला होतात, "आमच्या धंद्यातलं शिकून ही कामं?" ते शिकलेलं ओळखणारं कुणीतरी पलीकडच्या बाजूलाही लागतंच ना.

धोक्याबद्दल खोटं सांगणार नाही. बंदूक असेल, दारं फोडायची वेळही येईल. सातवी-आठवीत ऑक्टोबरमध्ये शाळेत लाल रिबन लावून जावं लागायचं आणि आई, तूच ती सेफ्टीपिनने लावून द्यायचीस. अंमली पदार्थांविरुद्धची ती प्रथा किकी कामारेना ह्या डीईएच्या एजंटमुळे पडली. 1985 मध्ये मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात त्याला भररस्त्यातून उचलून नेलं आणि हाल करून मारलं. त्यातला मुख्य आरोपी, तिथल्या टोळीचा म्होरक्या कारो किंतेरो अमेरिकेच्या हाती लागला 2025 मध्ये, चाळीस वर्षांनी. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. पण कामाचा मोठा भाग कंटाळवाणा असतो. गाडीत तासन्‌तास बसणं, बँकेचे कागद, साक्ष, कोर्टाच्या तारखा. फोन ऐकायचा तरी न्यायाधीशाचा हुकूम लागतो, आणि बोलणं घरगुती निघालं की ऐकणं थांबवायचं असा नियम आहे. आई, तुझे आणि मावशीचे फोन कुणी दोन मिनिटांच्या वर ऐकूच शकणार नाही.

पोस्टिंग कुठे मिळेल ते अजून माहीत नाही. सांगतील तिथे जाईन असं लिहून दिलंय. अनुपचं काम लॅपटॉपवर चालतं, तो कुठेही येईल. सासूबाई मात्र अजून बोलत नाहीत. रात्री-अपरात्री बोलावलं तर हजर व्हायचं, त्याचे पगाराच्या पंचवीस टक्के वेगळे. सत्तावन्नाव्या वर्षी सक्तीने घरी बसवतात, तेव्हा बाबांची पेन्शनची काळजी मिटली.

दोन गोष्टी पाळा. फॅमिली ग्रुपवर हे टाकू नका, आणि आई, भिशीत सांगायचं नाही. कुणी विचारलं तर "सरकारी नोकरी लागली" एवढं पुरे. सांगलीत त्याच्यापुढे कुणी काही विचारतही नाही. क्वांटिकोतून रोज फोन होईलच असं नाही, रविवारचा चुकणार नाही.

आणि मकरंदच्या लग्नाची तारीख पक्की झाली की लगेच कळवा. परदेशी जायचं तर आता मला आधी ऑफिसला कळवावं लागेल, आयत्या वेळी तिकीट काढून चालणार नाही.

तुमची,
मनू