व्हिएतनाम विमानातून ओलांडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतला व्हिएतनामवरचा लेख वाचला. हनोई, हा लाँगचा उपसागर, मग विमानाने दा नांग, पुन्हा विमानाने सायगाव आणि परत, असा सहा दिवसांचा आराखडा त्यात दिला आहे. मी गेल्याच महिन्यात हा देश पाहून आलो. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी केलेला हा माझा पहिलाच परदेश प्रवास. हनोईपासून सायगावपर्यंत सगळं अंतर मी रेल्वेने, टप्प्याटप्प्याने कापलं. त्या आराखड्यात जी दोन उड्डाणं आहेत, त्यांच्या खाली काय काय राहून जातं, ते वाचकांपर्यंत पोहोचावं म्हणून हे पत्र.

हनोई ते सायगाव हा १,७२६ किलोमीटरचा मीटरगेज मार्ग. फ्रेंचांच्या राजवटीत १९३६ साली तो पूर्ण झाला. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर सतराव्या अक्षांशाजवळ देशाचे दोन भाग झाले, तेव्हा हा मार्गही तुटला. पुढे युद्धात पूल उडाले, रूळ उखडले गेले. ३० एप्रिल १९७५ ला युद्ध संपलं आणि १९७६ च्या ३१ डिसेंबरला उत्तर-दक्षिण रेल्वे पुन्हा जोडली गेली. सायगावचं नाव बदलून हो ची मिन्ह सिटी झालं, पण तिथलं स्थानक अजूनही ‘गा साय गॉन’ या नावानेच ओळखलं जातं. ‘गा’ म्हणजे स्थानक. शब्द फ्रेंचांकडून आलेला आहे.

चार बर्थच्या डब्यात माझ्यासोबत एक तरुण जोडपं आणि त्यांची लहान मुलगी होती. मोबाइलवरच्या भाषांतराच्या आधाराने त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो वयाचा. आधी मी जरा बिचकलो. नंतर समजलं की वय कळल्याशिवाय समोरच्याला हाक कशी मारायची, हेच त्यांच्या भाषेत ठरत नाही. माझं वय ऐकल्यावर मी ‘बाक’ झालो. वडिलांच्या थोरल्या भावंडाला म्हणतात तो शब्द. हो ची मिन्ह यांनाही सारा देश ‘बाक हो’च म्हणतो. रात्री त्या मुलीने माझ्या उशाशी एक संत्रं आणून ठेवलं आणि तोच शब्द उच्चारला. परक्या देशात असल्याचं दडपण त्या क्षणी गेलं, ते परतीपर्यंत पुन्हा आलं नाही.

सकाळी डोंग हा स्थानकावर उतरलो. इथे फारसे पर्यटक उतरत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इथून जवळच बेन हाय नदी आहे आणि तिच्यावर हिएन लुओंग पूल. फाळणीच्या काळात याच नदीने देश दुभागला होता. पुलाचा अर्धा भाग निळा, अर्धा पिवळा रंगवलेला आहे. दोन वर्षांत निवडणूक होऊन देश एक होईल असं १९५४ मध्ये ठरलं होतं. ती निवडणूक झालीच नाही आणि नदीच्या दोन काठांवरची घरं वीस वर्षांहून जास्त काळ तुटलेली राहिली. पूल चालून जायला दोन-तीन मिनिटं पुरतात. मी तो चारदा ओलांडला.

तिथून पुढे समुद्रकाठी विन्ह मोकची भुयारं आहेत. बॉम्बफेकीपासून वाचण्यासाठी अख्खं गाव जमिनीखाली राहायला गेलं होतं. तीन मजले खोल, लाल मातीत हातांनी खोदलेली. एका कोनाड्यात बाळंतिणीची खोली दाखवतात. भुयारात १७ मुलं जन्मली असं तिथे सांगतात. त्या कोनाड्यात मला ताठ उभंही राहता येत नव्हतं.

एक सूचना नवख्यांसाठी. डोंग हे तिथलं चलन. वीस हजार डोंगची आणि पाच लाख डोंगची, दोन्ही नोटा निळसर असतात. मी घाईत वीसऐवजी पाच लाखांची नोट दिली आणि चालू लागलो. पाणी विकणारी बाई मागे धावत आली, नोट परत केली आणि दोन्ही नोटा शेजारी धरून मला फरक समजावला.

हुए ते दा नांग हा टप्पा दिवसाउजेडीच करावा, आणि डाव्या बाजूच्या खिडकीशी बसावं. हाय वान घाटात गाडी डोंगराच्या कडेने, समुद्राला अगदी लगटून जाते. खाली पांढरी वाळू, वर ढग. हाय वान या नावाचा अर्थच समुद्र आणि ढग. दा नांगला स्थानक टोकाला असल्याने इंजिन दुसऱ्या बाजूला लागतं आणि गाडी उलट दिशेने निघते.

दा नांगहून सारे जण ‘मी सन’ या ठिकाणी जातात. चंपा म्हणजे चाम लोकांचं जुनं राज्य, त्याचं हे शिवक्षेत्र. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वर स्थापला, पुढे अनेक शतकं विटांची मंदिरं उभी राहत गेली. ऑगस्ट १९६९ मधल्या अमेरिकी बॉम्बफेकीत त्यांतली बरीचशी पडली. सुमारे २४ मीटर उंचीचं सर्वांत देखणं शिखरही गेलं. बॉम्बचे खड्डे आज गवताने भरलेत, पण आकार लपत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने इथे जीर्णोद्धाराचं काम केलं आणि २०२० मध्ये त्या कामातच नवव्या शतकातलं एकसंध शिवलिंग सापडलं. याचा अभिमान मलाही वाटला. पण आमच्या शेजारच्या गटात ‘हे सगळं आपलंच’ असं जे मोठ्याने चाललं होतं, ते मला फार खटकलं. ही मंदिरं चाम लोकांनी बांधली. त्यांनी संस्कृत स्वीकारली, शिव स्वीकारला, पण विटा त्यांच्या, शिल्पातले चेहरे त्यांचे, आणि शिलालेखांत संस्कृतसोबत त्यांची स्वतःची चाम भाषाही आहे. मुख्य म्हणजे हे लोक संपलेले नाहीत. लेखात चाम संस्कृती ‘लुप्त’ म्हटली आहे, ती चूक कृपया दुरुस्त करावी.

कारण दा नांगहून रात्रीची गाडी धरली की सकाळी ‘थाप चाम’ नावाचं स्थानक येतं. थाप म्हणजे मनोरा. चाम लोकांचा मनोरा म्हणून स्थानकाला हे नाव. जवळच्या टेकडीवर पो क्लोंग गरायचं मंदिर आहे, दारावर नाचणारा शिव, आत मुखलिंग, म्हणजे चेहरा कोरलेलं शिवलिंग. इथे आजही चाम पुजारी पूजा करतात आणि काते नावाच्या सणाला देवाला वस्त्रं नेसवली जातात. शेजारच्या शहराचं नाव फान रांग. चंपाचा दक्षिणेतला हा प्रदेश म्हणजे पांडुरंग. १८३२ मध्ये व्हिएतनामी सम्राटाने तो खालसा करेपर्यंत चाम लोकांचं ते अखेरचं राज्य होतं. फान रांग हे त्याच नावाचं रूप. संग्रहालयाच्या नकाशावर ‘पांडुरंग’ वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले, हे मी लपवणार नाही. तरीही तिथल्या पायऱ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या पुजाऱ्याकडे पाहताना, हे नाव त्यांचं आहे, हे मी स्वतःला बजावत होतो.

सहा दिवसांत हे बसणार नाही, बारा लागतील. पुढच्या वेळी या देशाचा नकाशा छापाल तेव्हा त्यावर रेल्वेची रेघ काढा, आणि तिच्यावर डोंग हा आणि थाप चाम ही दोन नावं असू द्या, एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक