ताण स्प्रिंग निवडताना केवळ लांबी पाहू नये

माननीय संपादक महोदय,

यंत्रांच्या देखभाल-दुरुस्तीत मी आयुष्याची बरीच वर्षे घालवली आहेत. त्या काळात पाहिलेला एक प्रसंग अजूनही मनातून जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. एका यंत्राचे जड झाकण दोन ताण स्प्रिंगांवर, म्हणजे ओढल्यावर लांब होणाऱ्या स्प्रिंगांवर, तोललेले होते. त्यांतली एक तुटली तेव्हा भांडारातून तिच्याच लांबीची, दिसायला हुबेहूब तशीच दुसरी आणून बसवण्यात आली. झाकण पूर्वीसारखे वर राहीना, तेव्हा कोणीतरी तिचे टोक एक भोक पुढे नेऊन अडकवले आणि काम भागले असे सर्वांना वाटले. काही आठवड्यांनी ती नवी स्प्रिंग आकड्यापाशी, म्हणजे अडकवण्यासाठी वाकवलेल्या टोकापाशी, तुटली आणि झाकण खाली आदळले. माझ्या सहकाऱ्याने क्षणभर आधीच हात बाहेर काढला होता, म्हणून तो बचावला. नंतर मोजून पाहिले तर मूळ तार 2.2 मिलिमीटर जाडीची होती आणि नवी 2 मिलिमीटरची.

हा फरक डोळ्यांना दिसत नाही, स्प्रिंगला मात्र तो फार मोठा असतो. स्प्रिंगचा ताठरपणा, म्हणजे ती आणखी एक मिलिमीटर ताणायला लागणारी ओढ, तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो, वेढ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात घटतो आणि वेढ्यांच्या संख्येच्याही व्यस्त प्रमाणात असतो. त्यामुळे बाकी सारे तेच ठेवून तार 2.2 वरून 2 मिलिमीटरवर आली, की ताठरपणा मूळच्या सुमारे 68 टक्क्यांवर येतो. तेवढेच वजन पेलण्यासाठी स्प्रिंग जास्त ताणावी लागते आणि तारेवरील प्रतिबल (धातूच्या दर चौरस मिलिमीटरवर येणारा जोर) सुमारे 33 टक्क्यांनी वाढते. टोक पुढच्या भोकात अडकवून आम्ही नेमके हेच केले होते. तेव्हापासून मी तारेची जाडी पट्टीने कधी मोजली नाही. त्यासाठी मायक्रोमीटर, निदान व्हर्निअर कॅलिपर हवाच. तारेवर रंगाचा किंवा गंजाचा थर असेल तर तो आधी काढावा, नाहीतर ही सारी काळजी वाया जाते.

ताण स्प्रिंगेची आणखी एक बाब तिच्या दिसण्यावरून कळत नाही. तार गुंडाळतानाच वेढे एकमेकांवर दाबून बसवलेले असतात, म्हणून ठरावीक ओढ लागेपर्यंत ती मुळीच उघडत नाही. या आरंभीच्या ताणाला ओलांडल्यावरच हूकच्या नियमाप्रमाणे ओढीच्या प्रमाणात लांबी वाढू लागते. उदाहरणादाखल 2 मिलिमीटर जाडीची पोलादी तार, वेढ्याचा सरासरी व्यास 16 मिलिमीटर आणि 20 वेढे अशी स्प्रिंग घ्या. तिचा ताठरपणा दर मिलिमीटरला सुमारे 1.9 न्यूटन येतो. आरंभीचा ताण 10 न्यूटन धरला, तर ती 30 मिलिमीटर ताणली असता एकूण ओढ सुमारे 68 न्यूटन, म्हणजे जवळपास सात किलो वजनाइतकी होते. आरंभीचा ताण न पाहता केवळ ताठरपणावर हिशेब केला, तर ही ओढ 10 न्यूटनांनी कमी भरेल. झाकण किंवा दार बंद धरून ठेवायचे असते अशा ठिकाणी हाच आरंभीचा ताण उपयोगी पडतो. हेही सांगायला हवे, की लांब स्प्रिंग कापून आखूड केली तर ती अधिक ताठर होते. वेढे निम्मे केले की ताठरपणा दुप्पट होतो. शिवाय पक्कडीने वाकवून केलेल्या नव्या आकड्याला तीव्र कोन येतो आणि तारेवर ओरखडे पडतात.

खरा धोका आकड्यातच असतो. वेढ्यांमध्ये तार पिळवटली जाते, पण आकडा जिथे वेढ्यातून वर उचललेला असतो त्या वळणावर पिळाबरोबर वाकही येतो आणि प्रतिबल एकवटते. वारंवार ताणली-सोडली जाणारी स्प्रिंग बहुधा तिथेच तुटते. तिला अति ताणण्यापासून अडवणारे स्वतःचे काहीच नसते, त्यामुळे मर्यादा ओलांडली की ती कायमची लांब होऊन बसते. आणि आकडा तुटला की भार एकदम सुटतो व ताणलेली स्प्रिंग झटक्याने उडते. गॅरेजच्या वर सरकणाऱ्या दारांच्या स्प्रिंगांमधून सुरक्षिततेसाठी दोरखंड ओवतात, तो याचसाठी.

भार माणसाच्या अंगावर येऊ शकेल अशा ठिकाणी, मग ते जड झाकण असो, टांगती खुर्ची असो वा शेतीचे अवजार, साधी ताण स्प्रिंग टाळून ड्रॉबार स्प्रिंगेचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे. ही मुळात दाबली जाणारी स्प्रिंग असते. तिच्या पोटातून जाड तारेचे दोन लांबट फास विरुद्ध दिशांनी घातलेले असतात आणि प्रत्येक फास पलीकडच्या टोकाच्या वेढ्याला धरून असतो. त्यामुळे फास बाहेर ओढले की आतली स्प्रिंग दाबली जाते. भार मर्यादेपलीकडे गेला तर वेढे एकमेकांना टेकतात आणि ती ठोकळ्यासारखी घट्ट होऊन भार धरून ठेवते. समजा स्प्रिंगच तुटली, तरी तिचे तुकडे फासांच्या मध्ये अडकून राहतात; भार थोडा खाली येतो, पण सुटत नाही. हा दिलासा फास शाबूत असेपर्यंतच खरा आहे, म्हणून फासांची झीज तपासत राहिले पाहिजे.

ड्रॉबार स्प्रिंग तुलनेने जड असते आणि जास्त जागा घेते. तिला आरंभीचा ताण नसतो, म्हणून थोड्या ओढीनेही ती हलू लागते. एखादी वस्तू घट्ट बंद धरण्याच्या कामी ती साध्या ताण स्प्रिंगेइतकी सोयीची नाही. हलका भार असेल आणि ती तुटल्याने कोणाला इजा होणार नसेल, तर साधी ताण स्प्रिंगच योग्य.

धातूबद्दल थोडक्यात लिहितो. उच्च कार्बन पोलादाची ‘म्युझिक वायर’ नावाची तार मजबूत असते, पण सुमारे 120 अंश सेल्सिअसच्या वर तिच्यावर भिस्त ठेवू नये. ओलाव्याच्या जागी स्टेनलेस स्टील बरे. अशा कार्बनच्या तारेवर विद्युत पद्धतीने जस्ताचा मुलामा दिला असेल, तर मुलाम्यानंतर लगेच ती भट्टीत तापवलेली आहे का हे विचारावे. तसे केले नसेल तर धातूत शिरलेल्या हायड्रोजनमुळे ती ठिसूळ होऊन अचानक तुटू शकते.

स्प्रिंग विकणाऱ्यांना माझी विनंती आहे की पाकिटावर केवळ लांबी न छापता तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढ्यांची संख्या, आरंभीचा ताण, ताठरपणा आणि सुरक्षित ताणाची मर्यादा ही माहिती छापावी. ग्राहकांनी आणि कारखान्यांच्या खरेदी विभागांनी ही माहिती नसलेले पाकीट परत करावे. दुरुस्ती करणाऱ्यांनी तुटलेली स्प्रिंग फेकून देण्याआधी ती कुठे तुटली हे पाहून नोंदवून ठेवावे, कारण नवी स्प्रिंग कशी हवी याचा पहिला धागा त्या तुकड्यातच सापडतो.

आपला नम्र,
एक निवृत्त देखभाल तंत्रज्ञ