उष्टावणाची वाटी

गावभाग, सांगली
रविवार

प्रिय बंड्या,

तुझे तीन फोन घेतले नाहीत. तू पहिल्यांदा "काय जेवलास?" असंच विचारणार होतास, आणि त्या दिवसांत त्या प्रश्नावर मला रडू आलं असतं गड्या. म्हणून हे पत्र.

वजन उतरवायच्या ऑपरेशनला सात आठवडे झाले. पुण्याला तीन दिवस काढून घरी आलो. दुखण्याचं विशेष काही नाही. जठराचा पाऊण भाग कापून टाकला, उरली केळ्याएवढी नळी. भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन बरंचसं त्या कापलेल्या भागातच तयार व्हायचं, त्यामुळं आता पोट ओरडत नाही. पण कोपऱ्यावर भजी तळायला लागली की पाय आपोआप तिकडं वळतात, त्याला काय करू?

सुरुवातीचे पंधरा दिवस नुसतं पातळ. डाळीचं पाणी, ताक, प्रोटीनची पावडर, सगळं घोटाघोटानं. तांब्या तोंडाला लावणारा माणूस मी, आणि दिवसभरात दीड लिटर पाणी संपवताना संध्याकाळ व्हायची! मग मिक्सरमधून काढलेलं मुगाचं वरण, पनीर, उकडलेलं अंडं. आईनं कपाटातून पोरीच्या उष्टावणाची चांदीची वाटी शोधून काढली. त्यातलंही उरायचं. पोरगी आता दहावीला आहे, म्हणाली, "बाबा, माझी वाटी आहे, हिशेब ठेवा."

सहाव्या आठवड्यात माती खाल्ली. घरात कुणी नव्हतं, डब्यात भडंग होतं. चार बकाणे भरले नि वर पाणी प्यालो. छातीच्या मधोमध दगड अडकल्यासारखं झालं, तोंडात लाळ दाटली, मग मोरीत जाऊन सगळं बाहेर. घास बारीक चावायचा, जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही, हे डॉक्टर दहादा बजावून होते. आधी प्रोटीनचं, रोज साठ ग्रॅम तरी, जागा उरली तर भाकरीचा तुकडा. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आता जन्माच्या सोबतीला. तिसऱ्या महिन्यापासून केस गळतील म्हणे. माझ्याकडं गळायला आहेत किती?

वजन १२६ चं १०९ झालं. सकाळी गणपती मंदिरापासून हरिपूरच्या संगमापर्यंत चालतो, वाटेत बसावं लागत नाही.

खरी फजिती परवा चुलतभावाच्या लग्नात झाली. काकू ताटाशी उभ्या, "एवढीशी जिलबी, माझी शपथ." नाही म्हटलं तर रुसवा, हो म्हटलं तर मोरी. आपल्याकडं जेवण नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं. शेवटी उठलो, एका पोराच्या हातातली आमटीची बादली घेतली आणि वाढत सुटलो. वाढणाऱ्याला कोण आग्रह करतंय? तीन पंगती वाढल्या. कुणाला कोरडा भात लागतो, कोण लाजून 'पुरे' म्हणतो, इतकी वर्षं पानात डोकं खुपसून बसल्यामुळं दिसलंच नव्हतं. घरी येऊन वाटीभर वरण खाल्लं. बायकोला म्हटलं, पाय दुखतायत. पोटाचा विषय निघाला नाही.

तू पुढच्या महिन्यात येतोयस ना? मटणाचा बेत ठरलाय. माझ्यासमोर हात आखडता घेऊ नकोस. तांबडा रस्सा मीच वाढणार आहे. आणि साताऱ्याहून कंदी पेढे आणलेस तर गुपचूप आईच्या हातात दे.

तुझा,
आप्पा